थंड किनारा आणि दमदार रेड वाइन

मागच्या भागानंतर एका दर्शकाने विचारलं, "कर्नलसाहेब, दमदार रेड वाइनला कडक ऊनच लागतं ना?" मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. उत्तरासाठी आज ऑस्ट्रेलियातल्या कूनावाराला जाऊ.

आधी 'दमदार' म्हणजे काय? पातळ ताक आणि साईचं दूध तोंडात घोळवून बघा, फरक लगेच कळेल. वाइनमध्ये हा भरीवपणा मुख्यतः अल्कोहोल, टॅनिन आणि द्राक्षातून उतरलेला अर्क यांतून येतो. टॅनिन म्हणजे कोऱ्या चहाचा, जांभळाचा तो तुरटपणा. कूनावाराचं मुख्य द्राक्ष आहे काबर्ने सोव्हिन्यों. मणी लहान, साल जाड, म्हणून रंग आणि टॅनिन दोन्ही भरपूर.

आता नकाशा बघा. साउथ ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा, समुद्र साधारण ६० किलोमीटरवर. या प्रदेशाचं नावच लाइमस्टोन कोस्ट. उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाचं थंड पाणी वर येतं आणि तिकडून येणारा वारा बागा गार ठेवतो. जमीन म्हणजे चुनखडीवर लाल मातीचा पातळ थर, 'तेरा रोसा'. हा प्रसिद्ध पट्टा जेमतेम १५ किलोमीटर लांब आणि फार तर दोनेक किलोमीटर रुंद. जॉन रिडॉक यांनी १८९० मध्ये इथे फळबागांची वसाहत सुरू केली, तिथून द्राक्षाची गोष्ट सुरू होते.

गारव्याने काय साधतं? उष्ण हवेत द्राक्षात साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा घटतो. साल आणि बी पुरती पिकण्याआधीच तोडणीची वेळ येते. गार हवेत द्राक्ष वेलीवर जास्त दिवस राहतं. टॅनिन सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो. म्हणून ही वाइन भरीव असूनही जड वाटत नाही. उंच, सडपातळ पण काटक जवान डोळ्यांसमोर आणा!

वास घ्याल तर ब्लॅककरंट, तुती, देवदाराचं लाकूड आणि बऱ्याचदा पुदिना किंवा निलगिरी. बागेशेजारी निलगिरीची झाडं असली की त्यांचं तेल द्राक्षांच्या सालीवर बसतं आणि थेट वाइनमध्ये उतरतं. धोकाही आहे. वर्ष फारच थंड गेलं आणि द्राक्ष पुरतं पिकलं नाही, तर ढोबळी मिरचीचा हिरवट वास राहतो.

आता माझी चूक सांगतो. लेक ॲडलेडला असते. तिने कूनावाराची एक बाटली आणून दिली, "बाबा, दहा वर्षं टिकेल," म्हणाली. मी ती जबलपूरच्या घरात शोकेसवर ऐटीत उभी ठेवली. दोन उन्हाळे गेले. लग्नाच्या वाढदिवसाला काढली, तर बूच वर आलेलं आणि मानेवर चिकट ओघळ. ग्लासात उकळलेल्या जॅमचा वास. सौ. म्हणाल्या, "अहो, हा तर च्यवनप्राश!" लेक व्हिडिओ कॉलवर होती. मी "फर्स्ट क्लास!" म्हणून टाकलं. समुद्राच्या वाऱ्याने जे जपलं होतं, ते मी दोन उन्हाळ्यांत घालवलं.

तेव्हा लक्षात ठेवा. बाटली आडवी, अंधारात आणि गारव्यात ठेवा. वाढताना १६ ते १८ अंश. 'रूम टेंपरेचर' म्हणजे आपल्याकडचा मे महिना नव्हे! अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलीत तर बिघडत नाही. सोबत भाजलेलं मटण चांगलं, कारण टॅनिन मांसातल्या प्रथिनांना चिकटतं आणि तुरटपणा मऊ होतो. तांबडा रस्सा मात्र नको. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात.

जे घेत नाहीत त्यांनी सुरू करावी, असं मी अजिबात म्हणत नाही.

आणि बाळा, तू हा भाग ऐकशीलच. ती बाटली फर्स्ट क्लास नव्हती गं. दोष वाइनचा नाही, तुझ्या बाबांचा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!