साठला ठीक, ऐंशीला थरथर

‘साठपर्यंत गाडीला काही होत नाही, ऐंशी गाठली की कापरे भरते.’ महामार्गावर गाडी चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. कळवणहून कांदा भरून निघालेली पिकअप देवळा, चांदवड करून मुंबई-आग्रा महामार्गाला लागते, वेग वाढतो आणि थरथर सुरू होते. चालक बॅलन्सिंग करून घेतो, मग टायर बदलतो. पैसे जातात, थरथर राहते. निदानाआधी औषध दिले की असेच होते.

तापाच्या रुग्णाला विचारतात, ताप कधी येतो, थंडी वाजते का, कशाने उतरतो? गाडीलाही हेच प्रश्न विचारावे लागतात.

मोजून पाहू

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला, तर चाक सेकंदाला ११ फेरे घेते. चाकात दोष असेल, तर सेकंदाला ११ धक्के बसतात. ते मोठे आणि सावकाश जाणवतात. पुढचे चाक असेल तर बहुधा स्टिअरिंग हलते, मागचे असेल तर सीट. पावसाळ्यात रिमच्या आत वाळलेला चिखलही यासाठी पुरतो. तो आधी धुऊन पाहावा.

पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या साधारण चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला ४४ फेरे फिरतो. त्याच्या टोकांना असतो तो ‘क्रॉस’, म्हणजेच कार्डन जॉइंट. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्दानो यांच्यावरून हे नाव पडले. हा जोड तिरका फिरताना पुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. जादा मालाने मागचे पाटे दबले की कोन बिघडतात आणि सेकंदाला ८८ ठोके बसू लागतात. ही थरथर बारीक, घुमणारी आणि पायाखालून येणारी असते. रिकाम्या गाडीत ती नसेल आणि भरल्यावर येत असेल, तर संशय इकडेच घ्यावा.

तीन सोप्या चाचण्या

मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदला. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, तर दोष बहुधा चाकात किंवा शाफ्टमध्ये आहे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढून सोडताच कमी झाली, तर क्रॉस तपासा. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या कारमध्ये आतला सीव्ही जॉइंट. फक्त ब्रेक लावल्यावर आली, तर ब्रेक डिस्क किंवा ड्रम पाहा. सप्तशृंग गडाच्या किंवा कोणत्याही घाटात हे प्रयोग करू नयेत. उतारावर न्यूट्रल तर कधीच नको.

चालकाचे काय?

गाडीची थरथर सीटमधून कण्यात उतरते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ हेलकाव्यांना सर्वाधिक साथ देतो. असे हेलकावे प्रामुख्याने खराब रस्ता आणि खचलेली सीट देतात. चाकाची थरथर त्यात भर घालते. वर्षानुवर्षे वाहन चालवणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांच्या अंगात शिरणाऱ्या कंपनांवर मर्यादा घातली, ती याच कारणाने.

सीटला कंबरेचा आधार हवा. दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. लांबच्या प्रवासानंतर लगेच गोणी उचलू नये. कंबरदुखीसोबत पायातील ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गाडीलाही असाच धोक्याचा इशारा असतो. थरथर अचानक वाढली किंवा खालून खडखड येऊ लागली, तर वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्यावी. झिजलेला क्रॉस तुटला की शाफ्ट रस्त्यावर आपटतो. दुरुस्तीला गेल्यावर मेकॅनिकला नुसते ‘गाडी थरथरते’ सांगू नका. किती वेगाला, कुठे, किती माल असताना, हे सांगा. अर्धे निदान तिथेच होते.