गाडीच्या नाकावरची काच

आज एकच छोटी वस्तू घेऊ या: शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाड्यांच्या रेडिएटरवरचा रंगीत बिल्ला.

आधी रेडिएटर म्हणजे काय, ते बघू. इंजिनाचं गरम पाणी बारीक नळ्यांमधून फिरतं आणि समोरून येणारा वारा ते थंड करतो. तेव्हा हा रेडिएटर गाडीच्या अगदी तोंडावर, उघडाच असायचा. लांबून बऱ्याच गाड्या सारख्याच दिसायच्या. मग ओळखायची कशी? या बिल्ल्यावरून.

पण इथे साधा रंग टिकणं अवघड. मागून उष्णता, वरून ऊन-पाऊस, समोरून उडणारे खडे. म्हणून कंपन्यांनी दागिन्यांतली जुनी युक्ती उचलली. आपण तिला मीनाकाम म्हणतो. तांब्याच्या पत्र्यावर ठशाने नक्षी उठवायची, खोलगट जागेत रंगीत काचेची पूड भरायची आणि साधारण 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजायचं. काच वितळून धातूला घट्ट धरते. मग घासून सपाट आणि गुळगुळीत करायचं. ओहायोमधल्या कोलंबस शहरातली डी. एल. ऑल्ड कंपनी असे बिल्ले बनवायची.

यावर काय असायचं? कॅडिलॅकने 1701 मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच माणसाचं नाव घेतलं आणि त्याचंच कुलचिन्हही. डॉज ब्रदर्सच्या बिल्ल्यावर दोन त्रिकोणांचा तारा आणि मधोमध डी, बी ही अक्षरं. जॉन आणि होरेस हे दोघे भाऊ 1920 मध्येच वारले, पण त्यांची अक्षरं पुढेही गाड्यांवर धावत राहिली.

मला सगळ्यात भारी वाटते ती क्लीव्हलँडच्या पीअरलेसची गोष्ट. मंदीत 1931 मध्ये गाड्या बंद झाल्या आणि त्याच कारखान्यात पुढे बिअर बनू लागली! कंपनी गेली, पण बिल्ल्यावरची काच आजही तशीच चमकते.

आता कामाची गोष्ट. जुना बिल्ला हातात आला तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन कडा बघा. रंगाचा पोपडा सुटतो, काचेचा टवका उडतो. टवका दिसला म्हणून लगेच रंग भरू नका. पुन्हा भट्टीत घातला तर उरलेली काचही तडकू शकते. माझं मत विचाराल तर टवका तसाच राहू द्या. तो खडा त्या गाडीने खरंच खाल्लाय.

भेटू पुढच्या भागात!