त्सदाका, पावती आणि सरकारी तिजोरी

(सभासदांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या सिनेगॉगच्या अमुतेने ‘सईफ ४६’ची मान्यता मिळवावी की नाही, हा प्रश्न सध्या कमिटीपुढे आहे. देणगीवर करसवलत असावी की ती बंद करावी, असा मोठा वाद जगभर चालतो आणि आपला प्रश्न हा त्याच वादाचा लहानसा तुकडा आहे. मी हिशेबनीस नव्हे, आयुष्यभर परिचारिका होते. तरीही रुग्णालयात देणगीचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हा विषय साध्या शब्दांत मांडण्याचे मी पत्करले.

प्रथम कायदा पाहू. इस्राएलच्या प्राप्तिकर कायद्याच्या ४६व्या कलमानुसार, मान्यताप्राप्त सार्वजनिक संस्थेला दिलेल्या देणगीच्या ३५ टक्के रक्कम देणगीदाराच्या करातून वजा होते. कंपनीने देणगी दिल्यास कंपनी-कराच्या दराने, म्हणजे सध्या २३ टक्के, सूट मिळते. वर्षातील देणग्यांची बेरीज २०० शेकेलांहून थोडी अधिक असावी लागते. हा आकडा वेळोवेळी बदलतो. करपात्र उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपलीकडे दिलेली रक्कम पुढील तीन वर्षांच्या हिशेबात धरता येते. पगारदार माणसाला सहा वर्षे मागे जाऊन परतावा मागता येतो. संस्थेला मान्यता अर्थमंत्री देतात आणि तिला क्नेसेटच्या वित्त समितीची संमती लागते.

आता एक उदाहरण घेऊ. तुम्ही १००० शेकेल दिले. त्यापैकी ३५० तुम्हांस परत मिळाले. खिशातून ६५० गेले, संस्थेस मात्र पूर्ण १००० पोहोचले. मग ते ३५० कोणी दिले? सरकारी तिजोरीने, म्हणजे तुमच्या शेजाऱ्याने, बसचालकाने, दुकानदाराने. त्यांना कोणी विचारले नव्हते. या एका हिशेबातूनच सारा वाद निघतो.

सवलतीचे विरोधक म्हणतात की, पैसा सर्वांचा असताना तो कोठे जावा हे एकट्या देणगीदाराने का ठरवावे? हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. वॉर्डात देणगीतून आलेल्या यंत्रावर दात्याच्या नावाची चकचकीत पाटी असते. धुतलेल्या चादरीवर, रात्रपाळीच्या जादा परिचारिकेच्या पगारावर किंवा वृद्ध रुग्णाला कूस बदलून देणाऱ्या हातांवर पाटी लावता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी देणगी क्वचितच येते. ते काम अंदाजपत्रकातून, म्हणजे कराच्या पैशांतूनच होते. कराचा पैसा घटला की पहिला घाव अशाच न दिसणाऱ्या कामांवर पडतो.

समर्थकांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. सरकारला प्रत्येक गल्लीतील गरज दिसत नाही. नव्याने आलेल्या कुटुंबाला भाषा शिकवणे, एकट्या आजीला शुक्रवारी गरम जेवण पोहोचवणे, सुतक असलेल्या घरी दहा माणसांचा मिन्यान उभा करणे ही कामे कार्यालयातून होत नाहीत. अमेरिकेत ही सवलत १९१७ मध्ये आली. युद्धखर्चासाठी प्राप्तिकराचे दर वाढवले गेले, तेव्हा श्रीमंत माणसे देणग्या आखडतील, ही भीती तिच्यामागे होती.

पण जेथे सवलत, तेथे पळवाट काढणारेही असतात. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे मोठ्या रकमेची पावती घ्यायची आणि बरीच रक्कम मागच्या दाराने परत घ्यायची. ही उघड फसवणूक व गुन्हा आहे. दुसरी युक्ती अधिक सोज्वळ दिसते: हॉलचे भाडे किंवा जेवणाचा खर्च ‘देणगी’ म्हणून लिहायचा. ज्याच्या बदल्यात वस्तू वा सेवा मिळाली, ती देणगी नव्हे. मलिद्यासाठी हॉल घेतला, तर त्याचे भाडे हे भाडेच.

काही वाटा कायद्याच्या चौकटीतही असतात. अमेरिकेत दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधीत पैसे ठेवले की करसवलत त्याच वर्षी मिळते. परंतु ते पैसे गरजूंपर्यंत केव्हा पोहोचावेत, याची मुदत कायद्याने घातलेली नाही. जमिनीवर बांधकाम न करण्याचा हक्क दान करून तिची किंमत अनेक पटींनी फुगवण्याचा धंदाही तेथे फोफावला होता. २०२२ च्या अखेरीस तेथील काँग्रेसने भागीदारीतील अशा दानांवर गुंतवणुकीच्या अडीच पटींची मर्यादा घातली. सवलत न काढताही पळवाट बुजवता येते, हे त्यावरून दिसते.

आपल्या शास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. शेताचा कोपरा, म्हणजे ‘पेआ’, गरिबांसाठी सोडावाच लागे आणि तो कोणी न्यावा हे शेताच्या मालकाला ठरवता येत नसे. हे आजच्या कराजवळ जाणारे आहे. त्याच्या जोडीला स्वेच्छेचे दानही होते. गावाच्या ‘कुपा’साठी, म्हणजे दानपेटीसाठी, मिश्नाने नियम घालून दिला: वसुली दोघांनी करावी, वाटप तिघांनी करावे. आजच्या कायद्यातही सार्वजनिक संस्थेत किमान सात जण असावे लागतात आणि त्यांतील बहुसंख्य एकमेकांचे नातलग नसावे लागतात. पैशापाशी माणूस एकटा नसावा, हे शहाणपण दोन्हीकडे एकच. सारांश, आपल्या परंपरेने कर आणि दान यांतील एकाची निवड केली नाही; दोन्ही ठेवले आणि दोन्हींवर नियम घातले.

माझे मत विचाराल तर सवलत ठेवावी, पण तिच्यातील अन्याय दूर करावा. आपल्याकडे ३५ टक्क्यांचा दर लहानमोठ्या सर्व करदात्यांना सारखाच आहे, हे चांगले. अमेरिकेत वजावट उत्पन्नातून होत असल्याने जितका कराचा दर मोठा तितका लाभही मोठा. परंतु येथेही एक माणूस बाहेर राहतो, तो म्हणजे कर भरण्याइतकी मिळकतच नसलेला. बितुआह लेउमीच्या वृद्धवेतनावर जगणाऱ्या विधवा भगिनीने २५० शेकेल दिले, तर तिचे पूर्ण २५० जातात. वजा करायला कर नाही, म्हणून परत काहीच येत नाही. आपल्या सिनेगॉगमध्ये अशा भगिनी किती आहेत, हे तुम्ही जाणता.

ब्रिटनने यावर एक तोड काढली आहे. तेथील ‘गिफ्ट एड’ योजनेत करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स थेट संस्थेला देते. शिवाय पेटीत पडणाऱ्या ३० पौंडांपर्यंतच्या रोख दानांवरही, वर्षाला ८००० पौंडांच्या मर्यादेत, संस्थेला तशीच भर मागता येते आणि त्यासाठी दात्याने कर भरला की नाही हे पाहिले जात नाही. गरिबाच्या नाण्यालाही तिजोरीने मान द्यावा, अशी ही व्यवस्था. येथेही तशी मागणी आपण करावयास हवी.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. मान्यतेसाठी अर्ज जरूर करावा. पण आधी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, हॉलचे भाडे, वर्गणी आणि देणगी यांची पावतीपुस्तके वेगळी ठेवावीत. दुसरी, वार्षिक हिशेब हिब्रूबरोबर मराठीतही फलकावर लावावा, म्हणजे वडीलधाऱ्यांनाही तो वाचता येईल. तिसरी, देणगीदारांची नावे रकमेसह जाहीर करू नयेत. रामबाम यांनी त्सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत दाता आणि घेणारा एकमेकांस अनोळखी असणे ही दुसरी उच्च पायरी. सर्वांत उच्च म्हणजे माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे. पावती कर-कार्यालयासाठी असते, ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे.

आणि एक लक्षात असू द्या. मुंबईत १७९६ मध्ये सामुएल दिवेकरांनी बांधलेल्या शार हारहमीम सिनेगॉगसाठी येथून पैसे पाठवले, तर त्यावर ‘सईफ ४६’ची सूट मिळत नाही, ती येथील मान्यताप्राप्त संस्थांपुरती आहे. तरी आपली माणसे भारतातील सिनेगॉगांना पैसे पाठवतात आणि पुढेही पाठवावेत. सवलत हा दानाला लागलेला हातभार आहे, दानाचे कारण नव्हे.