गळक्या दट्ट्याचें निदान

शहरांत रस्ता खणण्यासाठीं पिवळें यंत्र आलें, कीं त्याच्या अजस्र हाताला जोडलेला चकचकीत दांडा कोणाच्याही नजरेंत भरतो. यंत्राचा बाकीचा देह चिखलानें माखलेला असतो. दांडा तेवढा आरशासारखा स्वच्छ. ही स्वच्छता शोभेसाठीं नाहीं. यंत्राचें सारें बळ त्या दांड्यावाटे बाहेर पडतें, आणि त्याच्या अंगावर नखाला लागेल एवढा ओरखडा उठला, तरी तें बळ थेंबाथेंबानें गळूं लागतें. असल्या दांड्याची दुखापत ओळखावी कशी आणि बरी करावी कशी, हा विषय प्रथमदर्शनीं केवळ कारखान्यांतल्या माणसांचा वाटेल. परंतु बिघाड दिसतो कोठें आणि असतो कोठें, हें शोधण्याची ज्याला हौस आहे, त्याला यांत मन रमविण्याजोगें पुष्कळ सांपडेल.

उदाहरणासाठीं मोठें यंत्र न घेतां लहान ट्रॅक्टर घेणें अधिक सोयीचें. अमेरिकेंत खेड्याच्या कडेला थोडी जमीन व दोन-चार जनावरें बाळगणाऱ्या कुटुंबांत वीस ते पन्नास अश्वशक्तीचा ठेंगणा ट्रॅक्टर पुष्कळदां आढळतो. त्याच्या पुढल्या अंगाला दोन भुजा असतात आणि भुजांच्या टोकाला लोखंडी बकेट. माती ओढणें, शेणखत उचलणें, हिवाळ्यांत वाटेवरचें बर्फ दूर करणें, हीं कामें या जोडणीकडून करून घेतात. तिला लोडर म्हणतात. भुजा उचलण्यास दोन नळकांडीं, आणि बकेट वांकविण्यास आणखी एक किंवा दोन. महाराष्ट्रांत ट्रॅक्टरची ट्रॉली मागल्या बाजूस कलती करून माती ओततात, तेव्हां तिच्याखालून वर येणारा ‘जॅक’ याच कुळांतला.

नळकांड्याची रचना सोपी आहे. जाड पोलादी नळींत एक दट्ट्या पुढें-मागें सरकतो. दट्ट्याला जोडलेला दांडा नळीच्या एका तोंडांतून बाहेर येतो. ट्रॅक्टरवरील पंप दट्ट्याच्या एका अंगाला तेल घालतो, तेव्हां दुसऱ्या अंगाचें तेल टाकींत परत जातें. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हें तत्त्व फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यानें सतराव्या शतकांत मांडलें. त्याचाच हा उपयोग. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें १९.६ चौरस सेंटिमीटर होतें. अशा ट्रॅक्टरांत तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे मुठींत मावणारा हा दट्ट्या २,९०० किलोग्रॅमांहून अधिक जोर लावतो! मोटारच्या चाकांतील हवेचा दाब याच मापानें सुमारें २ किलोग्रॅम असतो, हें ताडून पाहिलें म्हणजे या तेलाचा दरारा कळेल.

एवढ्या दाबाचें तेल सरकत्या दांड्याभोवतीं अडवून धरावयाचें कसें, हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडांत जोसेफ ब्रॅमा यानें १७९५ सालीं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां त्यालाही हीच अडचण पडली. दांड्याभोवतीं गच्च आवळलें तर दांडा हलेना, सैल सोडलें तर पाणी थांबेना. ती सोडविण्याचें श्रेय त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ली यास देतात. वाटीच्या आकाराचा चामड्याचा पट्टा त्यानें असा बसविला, कीं पाण्याचा दाबच त्याच्या कडा दांड्यावर दाबून धरी. दाब ओसरला कीं कडाही सैल होत. आजचीं सीलें रबराचीं व पॉलियुरेथेनचीं असलीं तरी त्यांच्या ओठांची युक्ति तीच आहे. अर्थात् ओठ नाजूक, आणि ज्यावर ते टेकावयाचे तो दांडा मात्र निर्दोष पाहिजे. म्हणून पोलादी दांड्यावर क्रोमचा कठीण मुलामा देतात. तो सामान्यतः मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकाच जाड असतो.

दांड्याच्या तोंडाशीं तेल दिसूं लागलें, कीं सील बदलावें हा पहिला विचार. सील स्वस्त असतें, तें बदलतां येतें, आणि चार दिवस गळतीही थांबते. पांचव्या दिवशीं तेल पुनः हजर! कारण सील फाटलें होतें तें आपण होऊन नव्हे. दांड्यावर दगडाचा टोला बसून क्रोमची बारीक कोर वर आलेली असते, आणि दर खेपेस ती नव्या ओठावरून सुरीसारखी फिरते. म्हणून दांडा पूर्ण बाहेर काढून, पुसून, त्यावरून नख हळूच फिरवावें. नख जेथें अडकेल तेथें गळतीचें मूळ असण्याचा संभव अधिक.

दुसरें लक्षण याहून फसवें आहे. भुजा वर करून इंजिन बंद केलें आणि तासाभरांत बकेट आपोआप जमिनीला टेकली, तर दट्ट्यावरील सील गेलें असा निवाडा देऊन बहुतेक लोक मोकळे होतात. गणित निराळें सांगतें. नळकांड्याच्या दोन्ही वाटा झडपेनें बंद आहेत आणि दांड्याशीं गळती नाहीं, असें धरून चालूं. आतां दट्ट्यावर सील मुळींच नाहीं असें मानलें, तरी दांडा आंत शिरण्यास त्याच्या आकारमानाएवढी जागा आंत मोकळी व्हावी लागेल. तेल दबून लहान होणारें नव्हे, आणि बाहेर जाण्यास त्याला वाट नाहीं. तेव्हां दांडा थबकलाच पाहिजे. फरक पडतो तो दाबांत. पूर्वीं भार दट्ट्याच्या १९.६ चौरस सेंटिमीटरांवर तोलला होता. तो आतां ३ सेंटिमीटर जाडीच्या दांड्यापुरत्या, म्हणजे सुमारें ७ चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर येतो, आणि आंतील दाब जवळजवळ २.८ पट होतो. एवढ्या दाबाचें तेल मग झडपेंतून वाट काढतें. झडपेचा सरकता खिळा धातूंत धातु बसवून केलेला असतो व त्याभोवतीं अत्यंत बारीक फट ठेवावीच लागते. त्यामुळें भुजा किंचित् उतरणें हें निरोगी यंत्रांतही घडतें. ती भराभर उतरूं लागली तर नळकांडें खोलण्यापूर्वीं झडप तपासावी, हें शहाणपणाचें.

दट्ट्याच्या सीलाची परीक्षा स्वतंत्रपणें करतां येते. बकेट जमिनीवर टेकवून, दांड्याची पिन काढून नळकांडें भारमुक्त करावें आणि दांडा शेवटपर्यंत बाहेर काढावा. मग इंजिन बंद करून दाब घालवावा, दांड्याकडील रबरी नळी सोडून तिचें तोंड बुचानें बंद करावें, आणि मागल्या बाजूनें पुनः तेल सोडावें. नळकांड्याच्या मोकळ्या छिद्रांतून तेल वाहूं लागलें, तर दट्ट्याचें सील खरोखरच दोषी.

तिसरी दुखापत वांकलेल्या दांड्याची. ती बहुधा चालकाच्या घाईनें होते. बकेटची धार खालीं करून ट्रॅक्टर मागें नेत जमीन सपाट करण्याची पुष्कळांस सवय असते. त्या वेळीं बकेट वांकविणारे दांडे पुरते बाहेर आलेले असतात, आणि धार पुरलेल्या दगडाला अडली कीं ट्रॅक्टरचा सारा रेटा त्यांना लांबीच्या दिशेनें दाबतो. सडपातळ खांबाची लांबी दुप्पट केली तर वांकण्यापूर्वीं तो चौथाईच भार सोसतो, हें ऑयलर या गणितज्ञानें अठराव्या शतकांत दाखविलें आहे. थोडा वांक प्रेसखालीं काढतां येतो. परंतु क्रोमला तडे गेले असतील तर सरळ झालेला दांडाही सीलाचा वैरीच ठरतो.

आतां प्रत्यक्ष दुरुस्ती. तिच्या आरंभीं ज्या गोष्टीची हयगय होते, ती सर्वांत भयंकर आहे. उंच धरलेल्या भुजेखालीं, ती केवळ तेलाच्या भरंवशावर असतां, कोणीही जाऊं नये. बकेट जमिनीवर ठेवावी, इंजिन बंद करावें, आणि नियंत्रणाचे दांडे चारी बाजूंस हलवून नळ्यांत कोंडलेला दाब घालवावा. गळतीची जागा हातानें चांचपणें तर प्राणघातक ठरूं शकतें. सुईच्या टोंकाएवढ्या छिद्रांतून उडणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाहीं, पण कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणी टोंचल्यासारखी, वेदना प्रथम क्षुल्लक; म्हणून माणूस कामाला लागतो. इकडे आंत गेलेलें तेल स्नायूंच्या पदरांतून पसरत असतें, आणि कांहीं तासांत शस्त्रक्रिया झाली नाहीं तर बोट, प्रसंगीं हात, गमवावा लागतो. अशी टोंचणी झाल्यास दुखो वा न दुखो, तत्काळ रुग्णालय गांठावें, आणि तेल दाबाखालीं शरीरांत शिरलें आहे, हें स्पष्ट शब्दांत सांगावें. गळती शोधावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा.

नळकांडें उतरवून तेल काढल्यावर तोंडाचें झाकण सोडावयाचें. कारागीर त्यास ग्लँड म्हणतात. कोठें तें आट्यांवर फिरतें, कोठें तारेच्या कड्यानें अडकविलेलें असतें. गंजल्यास पुष्कळ धीर लागतो. दट्ट्या निघत नाहीं म्हणून दाबाची हवा सोडणें हा आत्मघाताचा मार्ग आहे. सुटलेला दट्ट्या गोळ्यासारखा येतो. वेल्डिंग करावयाचें असेल तर आंत तेलाचा अंशही ठेवूं नये आणि बंद पोकळीवर ज्योत धरूं नये.

दांड्यावरील खोंच लहान असेल, तर वर आलेली कोर तेलाच्या दगडानें घासून काढली तरी पुष्कळ काळ भागतें. दांडा फार जखमी असेल तर क्रोम चढविलेला तयार दांडा आणून लेथवर हव्या त्या लांबीचा कापतात, आटे पाडतात, आणि जुन्याचा डोळा नव्याला वेल्ड करतात. हें काम उत्तम कारागिराकडूनच करून घ्यावें, कारण डोळा तिरका बसला तर दांडा जन्मभर एका अंगाला घासतो. नळीच्या आंत हलके ओरखडे असल्यास होनिंगनें ते निघतात. खोल चर किंवा बाहेरून बसलेला पोचा असल्यास नळीवर खर्च करूं नये. लहान ट्रॅक्टरांच्या बाबतींत नवें नळकांडें कित्येकदां दुरुस्तीहून स्वस्त पडतें, हेंही आधीं विचारून घ्यावें.

नवीं सीलें बसवितांना ओठाचें तोंड दाबाकडे ठेवावें. उलटें बसलेलें सील पहिल्याच दिवशीं गळतें. दांड्याच्या आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहींतर सील आट्यांवरून उतरतांनाच कापलें जातें. जोडणी झाल्यावर भार न घालतां दांडा पांच-सहा वेळां पूर्ण आंत-बाहेर न्यावा, म्हणजे कोंडलेली हवा टाकींत निघून जाते, आणि मग टाकींतील तेलाची पातळी पाहावी. दुसऱ्या दिवशीं दांड्यावर बोट फिरवून पाहिल्यास तेलाचा अगदीं पातळ ओशट पापुद्रा लागेल. त्यास गळती समजूं नये. त्या पापुद्र्यावरच सीलाचे ओठ सरकत असतात, आणि तो मुळींच नसेल तर नवें सीलही लवकर झिजतें.