परस्परमेळाची कसोटी

बुलढाणा जिल्ह्यांतील जलंब हें स्थानक फार मोठें नव्हे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या लहानशा जंक्शनापासून खामगांवाकडे जाणारी सुमारें आठ मैलांची शाखा फुटते. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो १८७० सालीं खामगांवीं आले, त्याच वर्षीं ही शाखा खुली झाली आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या बंदराची वाट सुगम झाली. शाखेचें महत्त्व तिच्या लांबींत नाहीं. तिच्या रुळांमधील अंतर मुख्य मार्गाइतकेंच, म्हणजे साडेपांच फूट, असल्यामुळें खामगांवीं भरलेला डबा जलंबला रिकामा करण्याचें कारण पडलें नाहीं. याच मुख्य मार्गावर पूर्वेस मूर्तिजापूर लागतें. तेथून यवतमाळ व अचलपूर यांकडे जाणारा मार्ग मात्र अडीच फुटी. त्या मार्गानें आलेली गासडी मुंबईस धाडावयाची तर एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढविणें प्राप्त होतें. हमाली वाढे, वेळ मोडे, आणि तो भुर्दंड अखेर मालाच्या किमतींतच जाऊन बसे.

दोन व्यवस्था एकमेकींशीं जुळणें अथवा न जुळणें म्हणजे काय, हें त्यामुळें वऱ्हाडांत कोणास समजावून सांगावें लागलें नाहीं. हाच प्रश्न आज दूरसंचाराच्या क्षेत्रांत निराळ्या रूपानें उभा आहे. त्याच्या उत्तरासाठीं जगांतील अभियंत्यांनीं परस्परमेळाच्या चांचण्यांचे मेळावे भरविण्याची प्रथा पाडली. त्यांना इंग्रजींतील नांवावरून ‘प्लगफेस्ट’ किंवा ‘प्लगटेस्ट’ म्हणतात.

प्रथम मूळ गोष्ट पाहूं. पूर्वीं दूरध्वनीच्या जाळ्यांतील प्रत्येक कामाला स्वतंत्र यंत्र असे. संभाषणाची जोडणी करणारें एक, ग्राहकाची ओळख पटविणारें दुसरें, आगंतुकाला अडविणारें तिसरें. ज्या कारखान्याचें यंत्र, त्याच कारखान्याची आज्ञावली त्यांत बंदिस्त असे. एक बदलावयाचें तर दुसरेंही बदलावें लागे. ऑक्टोबर २०१२ मध्यें जर्मनींतील डार्मस्टाट येथें तेरा मोठ्या दूरसंचार कंपन्यांनीं मिळून एक निवेदन प्रसिद्ध केलें. हीं सर्व कामें केवळ आज्ञावलीच्या रूपांत आणावीं आणि बाजारांत मिळणाऱ्या साध्या संगणकांवर चालवावीं, असा त्याचा आशय होता. या पद्धतीस जाळ्यांचें आभासीकरण म्हणतात. यंत्र एकच, परंतु त्याच्या पोटांत अनेक यंत्रें असल्याचा भास निर्माण करून प्रत्येकाकडे निराळें काम सोंपविलें जातें.

अशी व्यवस्था थरांची बनलेली असते. सर्वांत खालीं प्रत्यक्ष संगणक. त्यावर त्याचे आभासी भाग पाडणारी आज्ञावली; ‘ओपनस्टॅक’ हें तिचें प्रसिद्ध उदाहरण. त्यावर जाळ्याचीं निरनिराळीं कामें. आणि या सर्वांना केव्हां सुरू व्हावें, केव्हां वाढावें, केव्हां थांबावें हें सांगणारा एक सूत्रधार. यांतील पुष्कळशा आज्ञावली मुक्त स्रोताच्या, म्हणजे कोणीही वाचावी, तपासावी व सुधारावी अशा आहेत. त्यांची सांगड घालण्यासाठीं सप्टेंबर २०१४ मध्यें लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयानें ‘ओपीएनएफव्ही’ नांवाचा प्रकल्प निघाला.

येथेंच खरी अडचण सुरू होते. दहा प्रकारचे आभासी पाये, दहा प्रकारचीं कामें आणि पांच सूत्रधार धरले, तरी त्यांच्या जोड्या पांचशें होतात. मग लेखी मानक कशासाठीं, असें कोणी विचारील. परंतु रुळांमधील अंतर एक झालें म्हणजे दोन डबे जोडले जातातच असें नाहीं. सांखळीची उंची, धक्क्याच्या तबकड्या आणि ब्रेकची नळी हीं सर्व जुळावीं लागतात. मानकाची तीच गत आहे. एकच वाक्य दोन प्रामाणिक अभियंते दोन तऱ्हांनीं वाचतात. एकानें वेळ सेकंदांत मोजलेला असतो, दुसऱ्यानें त्याच्या सहस्रांशांत. प्रत्येकाची कृति आपापल्या घरीं बिनचूक चालते. एकत्र आणतांच ती अडते.

हा दोष घरीं बसून दिसत नाहीं, म्हणून मेळावा. पहिला ओपीएनएफव्ही प्लगफेस्ट मे २०१६ मध्यें अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत, केबललॅब्जच्या प्रयोगशाळेंत भरला. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत दुसरा न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत. २०१७ च्या आरंभीं युरोपीय दूरसंचार मानक संस्थेनें, म्हणजे एट्सीनें, माद्रिदजवळील लेगानेस येथें जाळ्यांच्या आभासीकरणावरील आपला पहिला प्लगटेस्ट घेतला. जून २०१८ मध्यें दोन्ही परंपरा फ्रान्समधील सोफिया अँतिपोलिस येथें एकत्र आल्या.

अशा मेळाव्याचें काम वधूवरांच्या पत्रिका जुळविण्यासारखें असतें. मात्र येथें गुण ताऱ्यांवरून ठरत नाहींत. कोणाची जोडणी कोणाशीं आणि कोणत्या घटकेस, याचें कोष्टक आधीं आंखलेलें असतें. बाजारांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले अभियंते एकाच मेजाशीं बसतात. ठराविक पायऱ्या क्रमानें घेतल्या जातात. नवें काम पायावर चढवावें, चालू करावें, भार वाढतांच त्याचा विस्तार करावा, मुद्दाम कांहीं बिघडवून तें सांवरतें कीं नाहीं हें पाहावें, आणि शेवटीं तें बंद करून व्यापलेली जागा मोकळी झाली कीं नाहीं याची खात्री करावी. प्रत्येक पायरीचा निकाल नोंदला जातो. कोणाचा माल कोणाशीं जुळला नाहीं हें सहसा बाहेर सांगत नाहींत. कारण नाचक्कीचें भय असेल तर आपली उणीव उघडी करण्यास कोणीही धजणार नाहीं. दोष आज्ञावलींत निघाला तर ती सुधारते. मानकाच्या वाक्यांत निघाला तर तें वाक्य पुन्हां लिहिलें जातें.

या उद्योगाशीं महाराष्ट्राचाही संबंध आहे. मुक्त स्रोताच्या अशा प्रकल्पांना एका छत्राखालीं आणणारा लिनक्स फाउंडेशनचा संघ २०१८ च्या जानेवारींत स्थापन झाला, तेव्हां पुण्यांत मुख्यालय असलेली टेक महिंद्र आणि मुंबईची रिलायन्स जिओ या दोन्ही कंपन्या त्याच्या सभासद होत्या. परस्परमेळाचें मोठें भारतीय उदाहरण मात्र भारत संचार निगमाच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचें. त्याचा गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेचा, मनोऱ्यांवरील रेडिओ-यंत्रें तेजस नेटवर्क्सचीं, आणि दोहोंची जुळणी मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सीची. भिन्न हातांनीं घडविलेले भाग एकत्र नांदतात कीं नाहीं, हें आधीं चंदिगडच्या बाजूस प्रयोगानें पाहण्यांत आलें. आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजीं या जाळ्याचें ओडिशांतील झारसुगुडा येथून राष्ट्रार्पण झालें.

या मेळाव्यांना मर्यादाही आहेत. चार-आठ दिवसांच्या चांचणीनें वर्षभराच्या भाराची कल्पना येत नाहीं. आज जुळलेली जोडी उद्यां आज्ञावलीची नवी आवृत्ति निघतांच पुन्हां विसंगत होऊं शकते. म्हणून हीच परीक्षा यंत्रांकडून अखंड घ्यावी, असा प्रघात पुढें पडला. ओपीएनएफव्हीनें २०१८ सालीं प्रमाणित चांचण्यांवरून मान्यतापत्र देण्याचा उपक्रम सुरू केला, आणि २०२१ मध्यें तो प्रकल्प ‘अनुकेत’ या नव्या प्रकल्पांत विलीन झाला.

बुलढाणें हें जिल्ह्याचें मुख्य ठिकाण असूनही तेथें आगगाडी जात नाहीं. परंतु संदेशांचें जाळें तेथें आणि त्याहून दूर सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवांतही जातें. लोणार तालुक्यांतील एखाद्या वस्तींत रात्रीं कोणी अत्यवस्थ होतो आणि घरचीं माणसें १०८ हा आंकडा फिरवितात, तेव्हां ती हांक अनेक कारखान्यांच्या अनेक थरांतून जाते. त्यांतील दोन थरांचें एकमेकांशीं न पटल्यास बिघाड कोणाचा, याचा वाद पुढें महिनाभर चालूं शकेल. रोग्याला तेवढी सवड नसते. तो वाद प्रयोगशाळेंतील मेजाशीं आधींच होऊन मिटावा, एवढ्याचसाठीं हे मेळावे भरतात.