दाहनचिकित्सेनंतर अन्ननलिकेचे अस्तर पुन्हा कसे तयार होते

मनुष्याची अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी असून तिला आतून चपट्या पेशींच्या अनेक थरांचे फिकट रंगाचे अस्तर असते. घासाचे घर्षण सोसण्यास हे अस्तर समर्थ आहे. परंतु जठरातील अम्ल व पित्त वरचेवर उसळून वर येऊ लागले म्हणजे त्याचा निभाव लागत नाही. अशा वेळी काही व्यक्तींच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात चपट्या पेशींची जागा स्तंभाकृती पेशींचे लालसर अस्तर घेते आणि त्यात एरवी आतड्यात आढळणाऱ्या, श्लेष्म्याने भरलेल्या चषकाकृती पेशीही दिसू लागतात. या अवस्थेस बॅरेट अन्ननलिका असे नाव आहे. बहुसंख्य रुग्णांत ती पुढे काही अनर्थ करीत नाही. थोड्यांत मात्र पेशींची रचना बिघडत जाऊन कर्करोग उद्भवतो, आणि तो उशिरा लक्षात आल्यास रुग्ण वाचणे कठीण असते.

या विकाराच्या नावामागील इतिहास काहीसा विपरीत आहे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली असे प्रतिपादन केले की, स्तंभाकृती अस्तराचा तो भाग अन्ननलिका नसून छातीत ओढले गेलेले जठरच होय. १९५३ मध्ये ॲलिसन व जॉन्स्टोन यांनी त्या भागाचे स्नायू अन्ननलिकेचे आहेत व अन्ननलिकेच्याच श्लेष्मग्रंथी त्याच्या भिंतीत आहेत, हे दाखवून दिले. बॅरेट यांनी १९५७ साली आपले मत बदलले, आणि ज्यांनी प्रथम तो भाग अन्ननलिका मानण्यास नकार दिला त्यांचेच नाव त्यास कायम चिकटले. ज्या ग्रंथींच्या पुराव्यावर हा वाद मिटला त्यांनाच अस्तराच्या पुनर्घटनेतही महत्त्व आहे, हे पुढे दिसून येईल.

विकृत अस्तर जाळून काढले तर तेथे पुन्हा कोणते अस्तर उगवेल? या प्रश्नाचे पहिले उत्तर कुत्र्यांवरील प्रयोगांतून मिळाले. ब्रेमनर, लिंच व एलिस यांनी १९७० मध्ये अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे अस्तर सोलून काढले. जठररस वर येऊ दिला असता त्या जागी स्तंभाकृती पेशी उगवल्या. तो वर येत नसेल तेथे चपट्या पेशींनी जखम भरली. म्हणजे जखम तीच, परंतु तिच्यावरून वाहणारा रस कोणता, यावर नव्या अस्तराची जात ठरते. मनुष्यावरील चिकित्सेचे सारे तत्त्व या एका निरीक्षणात सामावलेले आहे. १९९३ मध्ये आर्गॉन लेसरने विकृत अस्तर जाळून रुग्णास ओमेप्रॅझोल हे अम्लरोधक औषध दिले असता तेथे चपट्या पेशींचे अस्तर परत येते, असे दिसून आले.

केवळ औषधाने हे साधत नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. निकोलस शाहीन व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत कर्करोगपूर्व विकृती असलेले १२७ रुग्ण होते. काहींवर रेडिओ-कंप्रतेच्या विद्युत्प्रवाहाने दाहन केले, इतरांवर केवळ दाहनाचा देखावा केला. प्रभावी अम्लरोधक औषध दोन्ही गटांना सारखेच दिले होते. वर्षानंतर आतड्यासारखे अस्तर पूर्णपणे नाहीसे झालेल्यांचे प्रमाण दाहन केलेल्या गटात ७७.४ टक्के, तर दुसऱ्या गटात अवघे २.३ टक्के होते. अम्ल थांबले तरी स्थिरावलेले विकृत अस्तर आपण होऊन माघार घेत नाही. त्याला जागेवरून हटवावेच लागते.

दाहनात खोली हा कळीचा मुद्दा आहे. फुग्यावर किंवा लहान पट्टीवर बसविलेली विद्युद्‌ग्रे अस्तरास टेकवून क्षणार्धात उष्णता दिली जाते, आणि ती एक मिलिमीटरच्या आत, अस्तराखालील पातळ स्नायुपटलाच्या आसपास, थांबावी अशी योजना असते. जळालेला थर पांढुरका पडून गळून जातो. उघड्या जागेवर तंतुमय स्राव व श्वेतपेशी जमतात. नंतर कडेच्या निरोगी अस्तरातील तळाच्या पेशी चपट्या होऊन जखमेवर सरकतात, मग त्यांचे विभाजन होऊन थरावर थर चढतात. इजा याहून खोल गेली तर तेथील संयोजी ऊतकात व्रणतंतूंचा साठा होतो, तो आकसतो आणि नळी अरुंद होऊन रुग्णास घास उतरेनासा होतो. पूर्वीच्या प्रकाशक्रियेवर आधारलेल्या उपचारात अशी अरुंदता सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत येत असे. उपरोक्त चाचणीत ती ६ टक्के रुग्णांत आली. एका बैठकीत सर्व क्षेत्र क्वचितच साफ होते. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या अंतराने, आधीची जागा भरून आल्यावरच, पुढील बैठक घेतात.

कडेच्या पेशींनी जखम भरते हे समजण्यासारखे आहे. परंतु कडेपासून दूर, जळालेल्या क्षेत्राच्या मध्येच, चपट्या पेशींची लहान लहान बेटे उगवतात, ती कोठून येतात? येथे त्या ग्रंथी पुन्हा पुढे येतात. त्या अस्तराच्या खाली खोलवर असल्यामुळे त्यांच्यापर्यंत उष्णता पोचत नाही. त्यांच्या नलिकांचा वरचा भाग चपट्या पेशींनीच आच्छादलेला असतो. नलिकेच्या मुखातून या पेशी वर येऊन पसरतात, हे स्पष्टीकरण सर्वांत सयुक्तिक दिसते. उंदरांत अशा ग्रंथी नसल्याने या प्रश्नापुरता तो प्राणी निरुपयोगी ठरतो. डुक्कर मात्र या बाबतीत मनुष्याच्या जवळचे आहे. पूर्वीच्या विकृत पेशीच रूप पालटून चपट्या होत असतील काय, ही शंका अधिक चिंतेची होती; कारण तसे असल्यास नव्या अस्तरात जुनेच आनुवंशिक दोष लपून राहतील. २००६ मध्ये २१ रुग्णांच्या नव्या अस्तराची तपासणी झाली, तेव्हा २० जणांत शेजारच्या बॅरेट अस्तरातील जनुकीय बिघाड त्यात आढळले नाहीत. एका रुग्णात आढळला. शंकेला वाव थोडा उरला, पण तो उरला.

नवे अस्तर दुर्बिणीतून नैसर्गिक अस्तरासारखेच दिसते. तरीही २०१३ मधील एका अभ्यासात त्याची अटकाव करण्याची शक्ती कमी आढळली. पेशींमधील फटी रुंद होत्या आणि त्या सांधणाऱ्या प्रथिनांपैकी एक, क्लॉडिन-४, कमी प्रमाणात होते. ज्या पडद्यामागे अम्ल पुन्हा झिरपू शकते तो पडदा उभा राहिला म्हणून औषध बंद करणे शहाणपणाचे नाही. दुसरा धोका दडलेल्या ग्रंथींचा. चपट्या पेशी पसरताना खाली उरलेल्या विकृत ग्रंथींना कधी झाकून टाकतात आणि पृष्ठभाग निर्मळ दिसत असताना खाली रोग शिल्लक राहतो. रेडिओ-कंप्रतेच्या दाहनानंतर अशा ग्रंथी प्रकाशक्रियेनंतरच्या मानाने पुष्कळच कमी सापडतात. पण यातही एक मेख आहे: तपासणीसाठी घेतलेला तुकडा उथळ असला तर खालच्या ग्रंथी त्यात येतच नाहीत, आणि न सापडणे म्हणजे नसणे असा चुकीचा समज होतो.

यामुळे अस्तर पूर्ववत झाल्यावरही रुग्णास ठरावीक काळाने दुर्बिणीच्या तपासणीसाठी बोलावले जाते. विकार परततो तेव्हा तो बहुधा अन्ननलिका व जठर यांच्या संधीजवळ परततो. म्हणून वरचे अस्तर कितीही स्वच्छ दिसले तरी त्या संधीच्या लगतचे तुकडे वेगळे घेऊन तपासले जातात.