न घडलेल्या दंगलीचा हिशेब

दंगल झाली की तिचा हिशेब लागतो. मृत किती, जखमी किती, दुकाने किती जळाली, हे आकडे सरकारदरबारी नोंदले जातात. पण जी दंगल झालीच नाही, तिचा हिशेब कसा मांडायचा? वस्तीत शांतता राखण्यासाठी ज्यांनी धडपड केली, त्यांच्या कामाला यश आले हे कशावरून ओळखायचे? भिवंडीची कहाणी या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देते.

दंगलींचे गाव

यंत्रमागांच्या खडखडाटात जगणारी भिवंडी एके काळी दंगलींसाठी कुप्रसिद्ध होती. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. पुढे मे १९८४ मध्ये हे गाव पुन्हा पेटले आणि ती आग ठाणे-मुंबईपर्यंत पोचली. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये उलटेच घडले. मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. भिवंडी मात्र शांत राहिली.

मोहल्ल्यातली माणसे

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या होत्या. शांतता समित्या तोपर्यंत नव्हत्या असे नाही. पण त्यांत बहुधा पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळीच असत, आणि सणावाराला किंवा तणाव वाढल्यावरच त्यांची आठवण होई. खोपडे यांच्या कमिट्यांत त्या त्या गल्लीतली साधी माणसे होती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. बैठक नियमित होई आणि तिला पोलीस अधिकारी हजर असे. नळाचे भांडण, शेजाऱ्यांची कुरबूर, मुलांची मारामारी असे तंटे तिथेच मिटवले जात.

यात मोठी गोष्ट साधली. रोजच्या बैठकीत चहा पिणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. पोलीसही ओळखीचे झाले. उद्या एखादी अफवा उठली, तर खरेखोटे कोणाला विचारायचे, हे आता प्रत्येकाला ठाऊक होते. मुख्य म्हणजे ही ओळख दंगलीच्या आधी झाली होती.

श्रेय कोणाचे?

तरीही एका गावाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९८४ च्या नुकसानीतून गाव शहाणे झाले असेल. माग बंद राहिले तर मालक आणि कामगार दोघांचीही चूल विझते, हा धाकही असेल. म्हणूनच जाणकार एका गावाची दुसऱ्याशी तुलना करतात. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शांत आणि दंगलग्रस्त शहरांच्या जोड्या तपासल्या. त्यांत हैदराबादसमोर लखनौ ठेवले होते. लखनौच्या चिकनकारीत व्यापारी बहुतेक हिंदू आणि कारागीर बहुतेक मुसलमान. एकाचे दुसऱ्यावाचून अडते. जिथे संघटना, धंदा आणि रोजचे व्यवहार दोन्ही समाजांना जोडतात, तिथे तणाव आला तरी सहसा दंगल होत नाही, असे त्यांना आढळले. याच अभ्यासात भिवंडीचाही दाखला आहे.

पण लखनौलाही डाग आहे. तिथे शिया आणि सुन्नी यांच्यात अनेकदा दंगली झाल्या, इतक्या की १९७७ मध्ये त्यांच्या धार्मिक मिरवणुकांवर बंदी आली आणि ती वीस वर्षे टिकली. म्हणजे एका भिंतीत दार उघडले म्हणून दुसरी भिंत आपोआप पडत नाही.

अधिकारी बदलल्यावर

मुंबईनेही हा धडा घेतला, पण जळल्यावर. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. वस्त्यांतल्या तरुणांचे क्रिकेट सामनेही पुढे भरू लागले.

भिवंडीत मात्र जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात नागरिकांचे प्राण गेले आणि दोन पोलीसही मारले गेले. ती हिंदू-मुसलमान दंगल नव्हती. पण पोलीस आणि मोहल्ला यांच्यात जो विश्वास एकदा कमावला होता, तो तुटलेला दिसला. एकदा यशस्वी झालेली योजना कायमची यशस्वी नसते. तिला दरवर्षी, दरमहा जपावे लागते.

आपल्या वस्तीत पाहा

तुमच्या वस्तीतही शांतता समिती असेल. तिची परीक्षा घेण्यासाठी आकडेवारी लागत नाही. गेल्या सहा महिन्यांत, काहीही घडलेले नसताना, ती किती वेळा बसली? तिच्यात दोन्ही बाजूंची साधी माणसे आहेत का? बायकांना जागा आहे का? रात्री अफवा आली, तर पलीकडच्या गल्लीत फोन करण्याइतकी ओळख कोणाची आहे? आणि ठाण्यातले साहेब बदलले, तर बैठक चालू राहील का?

यांतल्या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता आले, तर समिती खरोखर वस्तीची झाली असे समजावे.